उसातील सूक्ष्म गांधीलमाश्या : त्यांचे कुल आणि कार्य



गेल्या फाल्गुनात, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता, आमच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत आपली कंपासपेटी घेऊन आमच्यापाशी आला. चेहरा उतरलेला होता. पेटीत जाड कागदाची एक पट्टी होती आणि तिच्यावर खसखशीहून बारीक असे काळे दाणे चिकटविलेले होते. शाळेच्या वाटेवरील उसाच्या एका पानाखाली ही पट्टी टाचलेली त्याला दिसली. काचकागद समजून, हस्तव्यवसायाच्या तासाला लाकूड घासण्यास उपयोगी पडेल म्हणून, त्याने ती काढून आणली. दोन दिवसांनी पेटी उघडतो तो काय, त्या दाण्यांतून धूळ बाहेर पडली होती आणि ती धूळ चालत होती! "सर, हा काही रोग तर नाही ना?" असे त्याने भीत भीत विचारले.

तो रोग नव्हता. उलट, एका शेतकऱ्याने आपल्या उसाच्या रक्षणासाठी विकत आणलेली ती सेना होती. अशा एका कार्डावर सुमारे वीस हजार दाणे असतात. त्याचे दहा तुकडे केले, तर एका तुकड्यावर दोन हजारांच्या आसपास रक्षक असतात. आम्ही दोघे तसेच त्या शेताच्या बांधावर गेलो व पेटी उघडली. पुष्कळसे जीव तोवर पेटीतच निपचित पडले होते. थोडे तेवढे पानांवर चढले. मुलाला आम्ही रागे भरलो नाही, कारण दोष त्याच्या इतकाच आमचाही होता. रोज उसाच्या कडेने जाणाऱ्या मुलांना त्या पट्टीवर काय असते हे आम्ही कधी सांगितलेच नव्हते. ती उणीव भरून काढावी, एवढ्यासाठी हा लेख.

कुंभारीण आणि अळी

गांधीलमाशी म्हटली की आपल्यापुढे पिवळी, कंबर बारीक असलेली व दंश करणारी माशी उभी राहते. तिच्याच नात्यातील कुंभारीण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. दाराच्या चौकटीत, तसबिरीच्या मागे ती मातीचे घर बांधते, त्यात हिरवी अळी आणून ठेवते व तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्या घरातून अळी नव्हे, तर कुंभारीणच बाहेर पडते. आपल्या पूर्वजांनी हे नेमके पाहिले होते. कीटक भृंगाचे सतत चिंतन करतो व त्यामुळे स्वतःच भृंग होतो, असा अर्थ त्यांनी लावला, आणि संतांनी भक्ताच्या तद्रूपतेसाठी तो दृष्टांत घेतला.

दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. निसर्गातील घटना मात्र निराळी आहे. कुंभारीण अळीला दंश करून निश्चेष्ट करते आणि त्याच घरात आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढते. बाहेर पडते ते तिचे लेकरू. अळीचा तोवर अंत झालेला असतो.

हीच रीत याहून पुढे नेणाऱ्या हजारो जातींच्या लहान गांधीलमाश्या आहेत. त्या घर बांधीत नाहीत आणि शिदोरीही वाहून आणीत नाहीत. दुसऱ्या कीटकाचे शरीर, नाहीतर त्याचे अंडे, हेच त्यांच्या पिल्लांचे घर आणि हेच अन्न. ऊ परोपजीवी आहे, पण ती आपल्या यजमानाला मारीत नाही. कोळी भक्षक आहे. तो एकामागून एक अनेक सावजे मारतो. या माश्या दोहोंच्या मधल्या. त्यांचे पिल्लू एकाच यजमानावर वाढते आणि त्याचा अंत करूनच बाहेर येते. अशा जीवांना 'पॅरासिटॉइड' हे वेगळे नाव १९१३ साली रॉयटर या फिनलंडच्या कीटकशास्त्रज्ञाने दिले. आपण त्यांना प्राणघातक परोपजीवी म्हणू.

अंड्यातील बिऱ्हाड

आमच्या विद्यार्थ्याच्या पेटीतील जीव 'ट्रायकोग्रामा' नावाचा होता. त्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. तुमच्या मोजपट्टीवरील दोन बारीक रेघांमधील अंतराच्या निम्म्यात तो मावतो. असे असूनही त्याला सहा पाय, चार पंख, दोन लाल डोळे, मिशांची जोडी, मेंदू आणि पचनसंस्था हे सारे असते.

मादी पतंगाची अंडी शोधीत फिरते. पतंग पानावर बसून गेला की त्याच्या पंखांवरील खवले तेथे पडतात. त्यांच्या वासाचा माग तिला लागतो. अंडे सापडले की ती त्याच्यावर इकडून तिकडे चालते आणि मिशांनी ते चाचपते. अंडे केवढे आहे, यापूर्वी कोणी त्यात बिऱ्हाड केले आहे काय, हे तिला त्यावरून कळते. अंडे मोठे असेल, तर ती त्यात अनेक अंडी घालते. लहान असेल, तर एखादेच. पुढे आपल्या सुईसारख्या अंडनलिकेने पतंगाच्या अंड्याचे कवच भेदून ती आपले अंडे आत सोडते.

आतल्या अळीला पतंगाच्या अंड्यातील द्रव्याखेरीज दुसरे अन्न लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंडे बाहेरून काळे पडते. पट्टीवरील दाणे काळे होते त्याचे कारण हेच. अळीचा आतच कोष होतो. उबदार हवेत आठ ते दहा दिवसांत प्रौढ माशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते. पतंगाच्या अंड्यातून अळी निघावयाची ती निघतच नाही.

या माश्यांच्या वंशवृद्धीत आणखी एक नवल आहे. मधमाशीप्रमाणेच यांच्यातही फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. म्हणजे नराला आई असते, पण बाप नसतो! नर बहुधा आधी बाहेर येतात व माद्यांची वाट पाहत तेथेच थांबतात. प्रौढाचे आयुष्य अवघे काही दिवसांचे असते. कंपासपेटीत कोंडल्यास तेवढेही लाभत नाही, हे आम्ही पाहिलेच.

कुलवृत्तांत

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची प्रथा आहे. मूळ गाव कोणते, शाखा किती, कोण कोठे स्थायिक झाले, हे त्यात नोंदलेले असते. जीवशास्त्रातील वर्गीकरण म्हणजे साऱ्या सजीवांचा कुलवृत्तांतच होय. ट्रायकोग्रामाचा वृत्तांत असा सांगता येईल : सृष्टी प्राण्यांची, संघ संधिपादांचा, वर्ग कीटकांचा, गण हायमेनॉप्टेरा. या ग्रीक नावाचा अर्थ 'पातळ पडद्यासारखे पंख असलेले' असा आहे. मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या या सर्व याच गणातील.

या गणातील प्राणघातक परोपजीवींची दोन मोठी घराणी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. पहिले इक्न्यूमोनॉइडिया. यातील माश्या बहुधा मोठ्या असून त्या पुष्कळदा अळ्यांवर वाढतात. कोबीच्या किंवा उसाच्या अळीच्या शेजारी पांढऱ्या, कापसासारख्या कोषांचा झुबका दिसला, तर तो या घराण्यातील 'कोटेशिया' प्रजातीचा असण्याचा संभव असतो. दुसरे घराणे कॅल्सिडॉइडिया. ते फार विस्तृत आहे. त्यातील बावीस हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत, आणि नावे मिळावयाच्या जाती त्याच्या कित्येक पट असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

कॅल्सिडॉइडियाच्या अनेक कुलांपैकी तीन आपल्या विषयास जवळची आहेत. ट्रायकोग्रामाटिडी कुलाची खूण पायात आहे. त्यांच्या पाउलाला तीनच सांधेखंड असतात. इतर बहुतेक नातलगांना चार किंवा पाच असतात. मायमरिडी कुलातील माश्यांचे पंख दोऱ्यासारखे अरुंद असून त्यांना लांब केसांची झालर असते. एवढ्या लहान जीवाला हवा पाण्यासारखी दाट वाटते, त्यामुळे तो उडतो म्हणण्यापेक्षा पोहतो म्हणणे अधिक बरोबर. याच कुलातील 'डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरायगिस' या जातीचा आंधळा, पंखहीन नर सर्व ज्ञात कीटकांत लहान आहे. १९९७ साली त्याची लांबी ०.१३९ मिलिमीटर नोंदली गेली. तिसरे कुल एन्सर्टिडी. यातील अनेक जाती पिठ्या ढेकणांवर वाढतात.

फुलकिड्यांच्या अंड्यांत वाढणारी 'मेगाफ्रॅग्मा' ही ट्रायकोग्रामाचीच भाऊबंद. तिची लांबी ०.२ मिलिमीटर, म्हणजे तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्या पॅरामेशियमएवढी. रशियन शास्त्रज्ञ पोलिलोव्ह यांनी २०१२ साली दाखवून दिले की प्रौढ होताना या माशीच्या बहुतेक मज्जापेशी आपले केंद्रकच टाकून देतात. जागा वाचविण्यासाठी निसर्गाने केलेली ही काटकसर होय.

नावाचा घोळ

येथवर वाचून एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "माशी अंडी मारते, एवढे पुरे. तिचे कुल आणि जात कळून शेतकऱ्याला काय लाभ?" या प्रश्नाचे उत्तर ट्रायकोग्रामाच्याच इतिहासात आहे.

'ट्रायकोग्रामा' हे नाव वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८३३ साली दिले. पंखांवर केसांच्या रेघा असतात, म्हणून 'केसांची रेघ' या अर्थाचे ग्रीक शब्द त्याने घेतले. पुढे जगभर या माश्या सापडू लागल्या आणि जाती ओळखण्यास रंगाचा आधार घेण्यात येऊ लागला. परंतु रंग फसवा ठरला. एकाच आईच्या लेकी उन्हाळ्यात पिवळट, तर थंडीत काळपट निघतात. ज्या अंड्यात त्या वाढतात, त्याप्रमाणे त्यांचा आकारही बदलतो. परिणामी एका जातीला अनेक नावे पडली आणि एका नावाखाली अनेक जाती गोळा झाल्या. आपल्या देशातील उसावरच्या माशीला कोणी युरोपातील जातीचे नाव दिले, कोणी अमेरिकेतील, तर कोणी ऑस्ट्रेलियातील.

हा गुंता सोडविण्यात दोन भारतीय संशोधकांचा मोठा वाटा आहे. बंगळूर येथील राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९६८ साली निरनिराळ्या जातींच्या संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांची आपसात संतती होत नाही त्या जाती वेगळ्या, ही त्यामागील कसोटी. पुढे १९७१ साली त्यांनी दाखवून दिले की रंगापेक्षा नराच्या जननेंद्रियाची रचना ही ओळखीची विश्वसनीय खूण आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या जीवाचा तो एवढासा अवयव काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहावयाचा, हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करा!

ज्या भारतीय माशीला आपण ऑस्ट्रेलियातील 'ऑस्ट्रॅलिकम' समजत होतो, ती ती नव्हेच, असे यातून सिद्ध झाले. १९७६ साली व्हिजियानी या इटालियन शास्त्रज्ञाने तिला 'कन्फ्यूजम' असे नाव दिले. लॅटिनमध्ये याचा अर्थच 'घोटाळ्यात पडलेली'! पण तेही नाव टिकले नाही. इशी या जपानी शास्त्रज्ञाने १९४१ साली 'किलोनिस' नावाने वर्णिलेली जात आणि ही एकच, असे १९७९ साली नागरकट्टी व नागराज यांनीच दाखविले. नाव प्रथम देणाऱ्याचे टिकते, या नियमाने आज आपल्या उसातील त्या माशीला आपण 'ट्रायकोग्रामा किलोनिस' म्हणतो.

शेतकऱ्याला यातून लाभ हा, की प्रत्येक जातीची आवड निराळी असते. उसाच्या खोडकिड्याची आणि कांडी पोखरणाऱ्या अळीची अंडी किलोनिसला मानवतात. शेंडा पोखरणारी अळी ज्या पतंगाची, तो आपल्या अंडीपुंजावर केसांचे पांघरूण घालतो; तेथे 'ट्रायकोग्रामा जपोनिकम' ही दुसरी जात सोडण्याची शिफारस आहे. चुकीच्या नावाची माशी शेतात सोडणे म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणे होय.

पपईवरील पिठ्या ढेकूण

नाव बरोबर कळल्यास केवढे काम होते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. पपईबरोबरच तुती व साबुकंद ही पिकेही त्याने धरली आणि लवकरच तो महाराष्ट्रातही येऊन पोहोचला. अंगावरील मेणचट पांढऱ्या थरामुळे औषधांच्या फवाऱ्यांना तो दाद देईना. शास्त्रज्ञांनी त्याची ओळख पटविली, ती 'पॅराकॉकस मार्जिनॅटस' अशी. या जातीचे वर्णन १९९२ साली झालेले होते आणि तिचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे ठाऊक होते.

नाव कळले म्हणून गाव कळले, आणि गाव कळले म्हणून त्या गावचे शत्रूही कळले. एन्सर्टिडी कुलातील 'अॅसेरोफॅगस पपायी' ही सूक्ष्म गांधीलमाशी त्याच ढेकणावर वाढते, हे २००३ पासून नोंदलेले होते. २०१० साली ती आणखी दोन जातींसह अमेरिकी कृषी खात्याच्या साहाय्याने पोर्टो रिको बेटावरून बंगळुरास आणण्यात आली. आपल्या उपयोगी कीटकांना तिच्यापासून अपाय नाही, याची आधी परीक्षा झाली आणि मग तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र येथील बागांत ती सोडण्यात आली. थोड्याच काळात ढेकणाचा जोर ओसरला. ज्या संस्थेने हे काम केले ती १९९३ पासून जैविक नियंत्रणाचे संशोधन करीत असून, २०१४ पासून 'राष्ट्रीय कृषी कीटक साधनसंपत्ती ब्यूरो' या नावाने ओळखली जाते.

कामरेजच्या उसात

आता आपल्या गावाकडे वळू. तापीवरील काकरापार बंधारा व १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी सुरत जिल्ह्याचा हा भाग उसाचा झाला. कामरेज, बारडोली, पलसाणा या तालुक्यांत जिकडे पाहावे तिकडे ऊस आणि मधून मधून सहकारी साखर कारखान्यांची धुराडी. गळिताच्या हंगामात डांग, धुळे, नंदुरबारकडून कोयते घेऊन येणारी कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. आपल्या वाचकांपैकी काहींचे आप्तही त्यांत असतील. या साऱ्यांचे पोट ज्या कांडावर अवलंबून आहे, ते आतून पोखरणारी अळी ही म्हणूनच केवळ पुस्तकातील गोष्ट नव्हे.

लहान रोपात खोडकिडा शिरला की मधला पोंगा वाळतो; तो ओढताच हातात येतो व त्याला घाण वास येतो. शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. अळी एकदा खोडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. म्हणून ती अंड्यातून निघण्यापूर्वीच गाठावी लागते, आणि हे काम ट्रायकोग्रामा करते.

प्रयोगशाळेत धान्यावरील एका पतंगाची, 'कॉर्सिरा'ची, अंडी गोळा करतात. त्यातून अळ्या निघू नयेत म्हणून ती अतिनील किरणांखाली ठेवतात, मग गोंदाने कार्डावर चिकटवितात व ट्रायकोग्रामाच्या माद्यांपुढे मांडतात. अंडी काळी झाली की कार्ड तयार झाले. हेक्टरी सुमारे पन्नास हजार माश्या एका वेळी सोडण्याचा प्रघात आहे. हिशेब केल्यास एकरी एक कार्ड पडते. त्याच्या पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूस, सकाळी किंवा सायंकाळी, टाचतात आणि दर आठ-दहा दिवसांनी तसेच पुन्हा करतात. कार्ड लावल्यावर कीटकनाशक फवारावयाचे नाही, हे पथ्य पाळावे लागते. नाहीतर रक्षकच आधी मरतात.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अळी खोडात शिरल्यावर ट्रायकोग्रामाचा उपयोग नाही; तेथे बोगद्यात शिरणारी कोटेशिया लागते. निरोगी बेणे, वेळेवर मातीची भर, वाळलेल्या पोंग्यांची काढणी ही कामे माणसालाच करावी लागतात. माशी शेतकऱ्याची सोबतीण आहे. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

आपले गुजराती शेजारी या माशीला 'परजीवी भमरी' म्हणतात. आपल्या कानाला 'भमरी' म्हणजे भुंगा वाटतो, आणि संवाद तेथेच चुकतो. घराघरांतून, भाषाभाषांतून नावे निराळी असणारच, आणि ती असावीतही. पण 'ट्रायकोग्रामा किलोनिस' म्हटले की कामरेजचा शेतकरी, बंगळूरचा संशोधक आणि जपानचा प्राध्यापक या तिघांच्या मनात एकच जीव उभा राहतो. परीक्षेपुरती पाठ करून विसरावयाची गोष्ट म्हणून वर्गीकरणाकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अनेक माणसांनी डोळे शिणवून ठरविलेल्या त्या दोन शब्दांवर कोणाचे तरी शेत उभे आहे.

यंदा फाल्गुनात उसाच्या कडेने जाताना पानाखाली टाचलेली पट्टी दिसली, तर तिला हात लावू नका. भिंग असेल तर थोडे दुरूनच पाहा. दाणे काळे आहेत काय, त्यांना गोल भोके पडली आहेत काय, पानावर काही हलते आहे काय, हे वहीत तारखेसह टिपून ठेवा. ज्या विद्यार्थ्याच्या कंपासपेटीपासून हा लेख सुरू झाला, त्याने हे काम आधीच आरंभिले आहे. त्याच शेतकऱ्याची परवानगी घेऊन तो आता पट्ट्या टाचू लागतो, आणि एकेक पट्टी टाचताना ती नीट बसली की नाही हे दोनदा पाहतो.